गोळीची सवय

आजींनी कापडी पिशवी बाकावर उपडी केली. आठ पाकिटं निघाली. त्यांतली तीन कात्रीनं अर्धी कापलेली. कुणावर नाव होतं तर तारीख नव्हती, कुणावर तारीख होती तर नाव गेलेलं. समोर बसलेल्या फार्मसिस्ट ताईंनी एकेक पाकीट पालथं करून वाचलं आणि दोन पाकिटं बाजूला काढली. एक सरकारी दवाखान्यातलं, दुसरं मेडिकलमधून विकत आणलेलं. गोळ्यांचा रंग वेगळा, आकार वेगळा, वर छापलेलं नाव वेगळं. आतलं औषध मात्र एकच : अम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम. रक्तदाबाची गोळी. आजी काही महिने दोन्ही घेत होत्या. मग पाय सुजले आणि पुढे दोन्ही सुटल्या.

"कधीपासून सोडल्या, आजी?"

"आखाजीपासून."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा खानदेशातला लेकीबाळींनी माहेरी येण्याचा सण. घर भरलं, झोके बांधले गेले, पुरणपोळ्या झाल्या आणि त्या गडबडीत गोळी राहिली. चार दिवसांनी लेकी परत गेल्या, गोळी मात्र राहिली ती राहिलीच. "मंग तरास बी नाही झाला," आजी म्हणाल्या. इकडच्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून गोळीची 'गोयी' होते. पुढचं वाक्य त्यांनी हळू आवाजात, विश्वासात घेतल्यासारखं सांगितलं. "तशी गोयीची सवय लागते ना माय. एकदा लागली का सुटत नाही."

श्रावण चालू होता. यावल तालुक्यातल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात मी सकाळपासून बसले होते. यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता 'सवय'. तो विषय घेऊन मी इथे आले, कारण हे एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझ्या मामांनीही तेच म्हणत रक्तदाबाची गोळी सोडली होती. वर्षभरानं एका सकाळी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि बोलणं, दोन्ही गेलं ते परत आलं नाही. त्यांना कुणी औषध दिलं नव्हतं असं नाही. औषध दिलं होतं. ते कशासाठी आहे आणि किती दिवस घ्यायचं आहे, हे त्यांना पटेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

त्रास नाही, मग गोळी कशाला?

ताप आला की गोळी घ्यायची, उतरला की थांबायचं, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दुखणं हाच औषधाचा हिशेब. रक्तदाब आणि मधुमेह हा हिशेब मोडतात. रक्तदाब १७० असला तरी माणूस शेतात जातो, लग्नात नाचतो, त्याला काही जाणवत नाही. गोळी सुरू केल्यावरही काही जाणवत नाही. जाणवतो तो गोळीचा उपद्रव. अम्लोडिपिननं काहींचे घोटे सुजतात, एनालाप्रिलनं काहींना कोरडा खोकला लागतो, मेटफॉर्मिननं सुरुवातीला पोट बिघडतं. म्हणजे रोग होता तेव्हा बरं वाटत होतं आणि औषधानं त्रास सुरू झाला. रुग्णाच्या जागी बसून पाहिलं, तर गोळी सोडण्याचा निर्णय वेडेपणाचा वाटत नाही.

म्हणूनच हे आधी सांगायला हवं. पाय सुजले तर गोळी आपल्या मनानं बंद करू नका, इकडे या, डॉक्टर डोस कमी करतील किंवा गोळी बदलून देतील. मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्या, पोटाची कुरकुर बहुतेकांची काही आठवड्यांत थांबते. गोळी देताना ही दोन वाक्यं बोलली, तर पुढचे दोन महिने वाचतात. आधी सांगितलेला त्रास माणूस सोसतो किंवा विचारायला येतो. न सांगितलेल्या त्रासाला तो घाबरतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ साली दीर्घकाळच्या उपचारांवर एक अहवाल काढला. श्रीमंत देशांतसुद्धा जुनाट आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात आणि गरीब देशांत हे प्रमाण त्याहून कमी आहे, असं त्यात म्हटलं होतं. तेव्हा आजींनी गोळी सोडली त्याला अडाणीपणा हे कारण नव्हे; शिकलेली माणसंही असंच वागतात. आपल्या देशात हा प्रश्न किती मोठा आहे, ते २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत दिसलं : १० कोटींहून अधिक मधुमेही आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. इतक्या माणसांना उरलेलं आयुष्य रोज गोळी घ्यायची आहे. एवढी मोठी सवय आपोआप लागत नसते.

केळीच्या बागेतला दिवस

यावल तालुका तापी आणि सातपुड्याच्या मधला. तापीच्या काठानं काळी कसदार जमीन आणि नजर जाईल तिथवर केळी. केळी कापायच्या दिवसांत मजूर उजाडायच्या आत घर सोडतात. घड उतरवायचे, खांद्यावरून बांधापर्यंत न्यायचे, गाडी भरायची. ऊन चढायच्या आत जेवढं होईल तेवढं उरकायचं.

आता त्यांच्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहा. तिच्यावर लिहिलेलं असतं १-०-१. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पण सकाळ म्हणजे कोणती? पहाटे चारला चहा पिऊन निघालेल्या बाईची सकाळ, की दहा वाजता बांधावर भाकरी सोडते तेव्हाची? ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी पहाटेच्या चहावर घेतली आणि पोटात अन्न गेलं सहा तासांनी, तर मधल्या वेळात साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली येते. दरदरून घाम, हातापायांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी. शेतात हे झालं की कुणी म्हणतं ऊन लागलं, कुणी म्हणतं "गोळी गरम पडली." दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद.

व्हरांड्यातल्या ताई १-०-१ समजावत बसत नव्हत्या. त्या दिवस विचारत होत्या. "मावशी, उठता कधी? पहिली भाकरी कधी खाता? शेतात खाता की घरी?" एका बाईची पहिली भाकरी दहा वाजता बांधावर होते, हे ऐकल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारून सकाळची गोळी तिच्या भाकरीच्या फडक्यात बांधायला सांगितली. चिठ्ठीवर सूर्याचं चित्र होतं. त्याच्या शेजारी त्यांनी पेनानं एक गोल भाकरी काढली. बाई हसल्या, पण चिठ्ठी नीट घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली. गोळीला त्यांच्या दिवसात जागा मिळाली होती.

दिवस विचारला की बाकीच्या गोष्टीही निघतात. श्रावणी सोमवार, एकादशी, चातुर्मासातले नेम. रमजानचे रोजे, कारण यावल-फैजपूरच्या परिसरात मुस्लिम वस्ती मोठी आहे आणि पायथ्याच्या गावांतले तडवीही रोजे ठेवतात. उपवास करू नका, एवढंच सांगितलं की माणूस मान डोलावतो, घरी जाऊन उपवास करतो आणि गोळीचं काय करायचं ते स्वतःच ठरवतो. त्यापेक्षा रमजानच्या आधी महिनाभर बोलावून इफ्तार आणि सहेरीप्रमाणे गोळ्यांच्या वेळा आणि डोस डॉक्टरांकडून बदलून घेता येतात. इन्सुलिनवर असलेल्यांनी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी रोजा धरावा की नाही, हेही तेव्हाच बोलता येतं. श्रद्धा बाजूला ठेवून या, अशी अट घातली की लोक दवाखाना बाजूला ठेवतात.

शिवाय हा केळीचा मुलूख. घरात केळी, वाटेत केळी. मधुमेह्यानं किती खावी, हा इथला रोजचा प्रश्न. ज्याचं मूत्रपिंड कमजोर आहे आणि जो टेल्मिसार्टनसारखी गोळी घेतो, त्याच्या रक्तात पोटॅशियम वाढू शकतं. केळ्यातही पोटॅशियम भरपूर. मुंबईत छापलेल्या आहाराच्या पत्रकात ही ओळ शेवटी असेल. यावलमध्ये ती सगळ्यात वर हवी.

मडक्यातलं इन्सुलिन

जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेली बाटली साधारण ३० अंशांच्या आत असेल तर महिनाभर चालते. पत्र्याच्या घरात, वीज गेलेल्या दुपारी, हे गणित कसं जमवायचं?

डोंगराकडच्या एका गावात मी ते जमवलेलं पाहिलं. घराच्या सावलीच्या कोपऱ्यात मोठं मडकं, त्याच्या पोटात लहान मडकं आणि दोन्हींच्या मध्ये ओली वाळू. लहान मडक्यात घट्ट झाकणाची प्लास्टिकची डबी, डबीत इन्सुलिनची बाटली, वर ओलं फडकं. घरातली सून सकाळ-दुपार वाळूवर तांब्याभर पाणी शिंपडत होती. पाणी उडून जाताना मडक्यातली उष्णता ओढून नेतं. आपल्या पाण्याच्या माठाचंच हे तंत्र. कोरड्या उन्हाळ्यात ते चांगलं चालतं, पावसाळ्यात हवा दमट असली की कमी. पण दमट दिवसांत तेवढं ऊनही नसतं.

याच घरात आधी एक बाटली वाया गेली होती. शेजारच्या घरी फ्रीज होता, तिथे ती बर्फाच्या कप्प्यात ठेवली गेली. थंड ठेवा म्हटलं होतं, तर सगळ्यात थंड जागी ठेवली. गोठलेलं इन्सुलिन कामाचं राहत नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं. सासरे रोज सुई टोचून घेत होते आणि साखर मात्र उतरत नव्हती. समुपदेशन हा जडशीळ शब्द आपण वापरतो, पण त्या घरात त्याचा अर्थ एका ओळीचा होता : बर्फाजवळ ठेवू नका.

सातपुड्याच्या पायथ्याशी

यावलच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. १९६९ साली जाहीर झालेलं यावल अभयारण्य तिथेच, १७७ चौरस किलोमीटरचं. पायथ्याशी आणि डोंगरात तडवी, पावरा, भिल्ल समाजाच्या वस्त्या आहेत. आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालयही यावलमध्येच आहे. इथे गोळीच्या सवयीचा प्रश्न वेगळ्या आजारातून समोर येतो. तो आजार म्हणजे सिकलसेल.

यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, सांधे, पोट असह्य दुखतं. आजार आई-वडिलांकडून येतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता चारात एक. भारतात तो पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदवला गेला. पुढे महाराष्ट्रातल्या आदिवासी पट्ट्यांतही तो मोठ्या प्रमाणात असल्याचं दिसलं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे.

तपासणी हे पहिलं पाऊल. त्यापुढे येतात हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल आणि फॉलिक ॲसिडची गोळी. हायड्रॉक्सियुरिया शरीरात गर्भावस्थेतल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवते आणि त्यामुळे पेशी विळ्यासारख्या वाकणं कमी होतं. दुखण्याचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची पाळी कमी येते. पण ती वेदनाशामक नाही. झटका आल्यावर घेऊन उपयोग नाही आणि आज सुरू केली तर गुण दिसायला काही महिने लागतात. ठरावीक काळानं रक्ताची तपासणी करावी लागते. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं.

म्हणजे बरं असताना, दुखत नसताना, रोज, वर्षानुवर्षं घ्यायची कॅप्सूल. आणि ती घ्यायची कुणी? पंधरा-सोळा वर्षांच्या आश्रमशाळेतल्या मुलीनं, जिला आपल्याला काही आजार आहे हे मैत्रिणींना कळू द्यायचं नाही. सुट्टीत ती पाड्यावर जाते, कॅप्सूल पेटीतच राहते. घरची माणसं कामाच्या शोधात गाव सोडतात, तेव्हा हातातला साठा दहा दिवसांत संपणार असतो. कुणी तिला 'तू रोज का घेत नाहीस' म्हणून रागावलं, तर ती पुढच्या वेळी 'घेते' म्हणून सांगेल. कॅप्सूल मात्र पेटीतच राहील.

इथे मला एका आशाताईंचं काम मनापासून पटलं. त्यांनी मुलीला कॅप्सूलबद्दल काही विचारलंच नाही. गेल्या पावसाळ्यात किती दिवस शाळा बुडाली आणि यंदा किती, एवढंच विचारलं. मुलीनं बोटांवर मोजलं. मग तिच्याच वहीच्या मागच्या पानावर दोघींनी मिळून महिन्याचे चौकोन आखले : दुखलं त्या दिवशी फुली, कॅप्सूल घेतली त्या दिवशी ठिपका. पाणी भरपूर पी, थंडीत अंगभर कपडे घाल, ताप आला तर वाट पाहू नकोस, लगेच दवाखान्यात ये, हे सगळं त्या आखता आखता बोलल्या. बाहेरून पाहणाऱ्याला ती साधी वही वाटेल. ठिपके आणि फुल्यांचा संबंध मात्र मुलगी स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार आहे. दुसऱ्यानं सांगितलेलं विसरलं जातं, स्वतः पाहिलेलं टिकतं.

खिडकीच्या दोन बाजू

आपल्याकडे औषध मिळतं ते खिडकीतून किंवा काउंटरवरून. आत घाई, बाहेर रांग. या मधल्या अर्ध्या मिनिटात खरं म्हणजे बरंच काही घडायला हवं, आणि कायद्याचीही तशी अपेक्षा आहे. २०१५ साली लागू झालेल्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी नोंदणीकृत फार्मसिस्टचं हे कामच ठरवून दिलं आहे : औषधाचं नाव, ते कसं, किती आणि किती दिवस घ्यायचं, कोणता त्रास होऊ शकतो, ते कसं साठवायचं, एखादा डोस चुकला तर काय करायचं, हे रुग्णाला सांगणं. यावलपासून जवळच फैजपूरला फार्मसीचं कॉलेज आहे. दरवर्षी तिथून मुलं-मुली शिकून बाहेर पडतात आणि तालुक्यातल्या मेडिकलमध्ये उभी राहतात. ही शिकलेली माणसं काउंटरमागे आहेत. त्यांना बोलायला वेळ, जागा आणि मान मिळाला, तर गावात औषधसल्ल्याचं वेगळं केंद्र उघडायची गरज उरणार नाही.

ताईंकडून मी तीन साध्या गोष्टी शिकले. पहिली, 'गोळ्या घेता ना?' असं विचारायचं नाही. त्या प्रश्नाला 'हो' हे एकच उत्तर येतं. 'गेल्या आठ दिवसांत किती वेळा राहिली?' असं विचारायचं; राहणं स्वाभाविक आहे हे त्यातच सांगून होतं आणि खरं उत्तर मिळतं. दुसरी, सांगून झाल्यावर 'कळलं का?' विचारायचं नाही. 'घरी गेल्यावर सुनेला कसं सांगाल, तसं मला सांगा,' असं म्हणायचं. चूक असेल ती लगेच दिसते. तिसरी, गोळ्यांचा रंग किंवा आकार बदलला की ते आपणहून सांगायचं. सरकारी पुरवठा बदलला की कालची पांढरी गोळी आज गुलाबी येते. कुणी तिला दुसरं औषध समजून दोन्ही घेतं, कुणी कुठलीच घेत नाही. आजींचं नेमकं तेच झालं होतं.

टिकलेल्या सवयींकडून

माणसं रोज गोळी घ्यायला तयारच नसतात, हे खरं नाही. १ एप्रिल २००४ पासून देशात एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. ती जन्मभर, न चुकता घ्यावी लागतात. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा तरी. आणि लाखो लोक ती घेत आहेत. कारण ती देणाऱ्या केंद्रांवर औषधाच्या आधी समुपदेशक भेटतो. दार बंद करून बोलतो, दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजतो, न आलेल्याला फोन करतो. क्षयरोगातही तसंच : गोळीसोबत माणूस जोडला, पोषणाला पैसे जोडले. दरमहा ५०० रुपयांची मदत २०१८ साली सुरू झाली आणि २०२४च्या अखेरीस ती १,००० रुपये झाली.

रक्तदाबाबाबत हा धडा गिरवायला २०१७ साली सुरुवात झाली. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झाला तेव्हा त्याची तत्त्वं अगदी साधी होती : सगळीकडे एकच ठरलेली उपचारपद्धत, महिनाभराच्या गोळ्या एकदम, रक्तदाब मोजायचं आणि पाठपुराव्याचं काम परिचारिका व गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांकडे, आणि औषध घराजवळच्या केंद्रात. मजुरी बुडाली नाही की माणूस महिन्याला येतो. दहा दिवसांच्या गोळ्यांसाठी महिन्यातून तीन दिवस मोडायचे असतील तर तो येत नाही. त्याला बेफिकीर म्हणण्याआधी त्याची रोजी विचारावी.

समुपदेशन म्हणजे गोड बोलणं, असा एक समज आहे. यावलमध्ये फिरताना मला ते गवंड्याच्या कामासारखं वाटलं. भिंत सगळ्यांना दिसते, आतला चुना दिसत नाही. तो नसेल तर विटा महाग घेतल्या तरी ढासळतात. गोळ्या या विटा आहेत. त्या सरकार देतं, आपण विकत घेतो, जेनेरिक दुकानातून स्वस्तही मिळतात. चुना मात्र बोलण्यातूनच कालवला जातो.

चहाच्या डब्यावर

व्हरांड्यातल्या आजींचा रक्तदाब त्या दिवशी १७८ निघाला. डॉक्टरांनी अम्लोडिपिनऐवजी दुसरी एकच गोळी दिली. ताईंनी जुनी पाकिटं बाजूला ठेवली, नवं पाकीट आजींच्या हातात दिलं आणि विचारलं, "आजी, घरात रोज न चुकता काय करता?"

"च्या."

"सगळ्यात आधी?"

"तुयशीले पानी घालते, मंग च्या."

"मग गोळी चहाच्या डब्यावर. राहिली तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन नाही घ्यायच्या. आणि आजी, या गोळीची सवय नाही लागत. आपल्यालाच ती लावून घ्यावी लागते, तुळशीला पाणी घालायची लावून घेतली तशी."

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लगीन झालं तवा सासूनं लावली होती ती."

निघताना ताईंनी आणखी एक सांगितलं : दिवाळीत पाडव्याला, भाऊबीजेला कुणाकडे गेलात तर लुगड्याच्या घडीत पाकीट आधी ठेवा.

महिन्यानं मी पुन्हा गेले, तेव्हा मुद्दाम आजींच्या घरी गेले. चुलीशेजारी चहाचा डबा होता, त्याच्या झाकणावर पाकीट, आणि पाकिटावर नातवानं निळ्या पेनानं लिहिलेल्या तारखा. मी रिकामे खळगे मोजले. दोन गोळ्या जास्त उरल्या होत्या. आजींनी आपण होऊन सांगितलं, "पोयाच्या दिवशी राही गेली, न् एकदा ताप व्हता तवा."

तीस दिवसांत अठ्ठावीस. रक्तदाब १३८ होता. आखाजीला माहेरी आलेली त्यांची लेक आता दर रविवारी फोन करते. आधी ती जेवलीस का विचारायची. आता विचारते, "आई, या आठवड्यात किती वेया राहिली?"